विमान, वसाहत आणि वरात: टोकियोतल्या एका बागेच्या गमतीजमती

जपानमध्ये पहिलं विमान उडालं ते इथून. ऑलिंपिक गावात पहिल्यांदा लग्न लागलं तेही इथंच. आपल्या हॉकी संघानं पाकिस्तानकडून सुवर्णपदक परत मिळवलं, तेव्हा संघाचा मुक्काम इथंच होता. आणि त्याआधीची अठरा वर्षं याच जागेवर अमेरिकी लष्करी अधिकारी बायकामुलांसह संसार करत होते. कुंपणाच्या आत हिरवळ, कुंपणाबाहेर जळून गेलेलं टोकियो.

आज तिथं बाग आहे. योयोगी बाग. हाराजुकू स्टेशनातून बाहेर पडून पूल ओलांडला, की एका अंगाला मेइजी मंदिराचं गर्द जंगल लागतं आणि दुसऱ्या अंगाला ही बाग. क्षेत्रफळ ५४ हेक्टर. मुंबईकरांच्या हिशेबात सांगायचं, तर दादरच्या शिवाजी पार्कसारखी पावणेपाच मैदानं आत मावतील. आत जायला तिकीट नाही, फाटक बंद व्हायची ठरलेली वेळ नाही. टोकियोत जमिनीचा वीतभर तुकडाही सोन्याच्या भावानं विकला जातो. अशा शहराच्या ऐन मध्यावर एवढी मोकळी जागा शिल्लक राहिली, याचं मला फार अप्रूप वाटतं. ती राहिली कशी, त्याचा हा किस्सा. खरं तर किस्से.

आधी सैनिक, मग विमान

१९०९ मध्ये जपानी लष्करानं योयोगीतली जमीन कवायतीसाठी घेतली. मोठं, सपाट, उघडं मैदान. सम्राट इथं सैन्याची मानवंदना घ्यायचे.

दुसऱ्याच वर्षी या मैदानाला वेगळंच काम मिळालं. लष्करानं दोन कॅप्टन युरोपात धाडले होते. योशितोशी तोकुगावा फ्रान्सला गेले, कुमाझो हिनो जर्मनीला. विमान चालवायला शिका आणि येताना एकेक विमान विकत घेऊन या, असा हुकूम होता. तोकुगावांनी फरमान बनावटीचं दोन पंखी विमान आणलं, हिनोंनी ग्राडे बनावटीचं एकपंखी. १९ डिसेंबर १९१० रोजी योयोगीच्या मैदानावर बघ्यांचा महापूर लोटला. तोकुगावांचं विमान सुमारे ७० मीटर उंच चढलं, तीनएक किलोमीटर फिरलं आणि सुखरूप उतरलं. सगळा कारभार चारेक मिनिटांचा. मागोमाग हिनोही उडाले, एक मिनिट वीस सेकंद.

यात हिनोंची थोडी हुकलीच म्हणायची. पाच दिवस आधी, १४ डिसेंबरला, जमिनीवर विमान पळवून बघताना त्यांचं यंत्र जरासं वर उचललं गेलं होतं. पण ती चाचणी होती, म्हणून पहिलेपणाचा मान १९ तारखेला आणि तोकुगावांना मिळाला. बागेत मात्र दोघांनाही जागा आहे. विमानाचं स्मारक आहे आणि जवळच दोघांचे अर्धपुतळे आहेत. तोकुगावांचं ते फरमान विमान दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत गेलं होतं, ते १९६० मध्ये जपानला परत मिळालं. जमीन परत मिळायला आणखी चार वर्षं लागली.

दोन काळ्या नोंदी

गमतीच्या फीचरमध्ये हे कशाला, असं वाटेल. पण या जमिनीची ओळख त्याशिवाय पुरी होत नाही.

२६ फेब्रुवारी १९३६ रोजी टोकियोत तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी बंड केलं. ते फसलं. मैदानाला लागूनच लष्करी तुरुंग होता. त्या वर्षी १२ जुलैला तिथं पंधरा जणांना गोळ्या घातल्या गेल्या. त्या गोळ्यांचा आवाज बाहेर ओळखू येऊ नये म्हणून शेजारच्या मैदानावर कवायतीच्या नावाखाली फुसक्या काडतुसांचे बार काढले जात होते.

दुसरी नोंद २५ ऑगस्ट १९४५ ची. जपाननं शरणागती पत्करून दहा दिवस झाले होते. दाइतोजुकू या कडव्या राष्ट्रवादी संघटनेच्या चौदा जणांनी या मैदानावर पोट फाडून जीव दिला. त्यांच्या नावाचा दगड आजही बागेच्या कडेला उभा आहे. शेजारून लोक कुत्री फिरवत जातात.

टोकियोच्या पोटातली अमेरिका

युद्ध संपलं आणि मैदान अमेरिकी सैन्याच्या ताब्यात गेलं. सैन्य काही महिन्यांसाठी आलेलं नव्हतं. अधिकाऱ्यांना कुटुंबासह राहायचं होतं. मग १९४६ मध्ये बांधकाम सुरू झालं आणि कवायतीच्या मैदानावर उभी राहिली ‘वॉशिंग्टन हाइट्स’ ही वसाहत.

९२ हेक्टर जागा, ८२७ घरं. पांढऱ्या रंगाची, ऐसपैस, चारी बाजूंनी हिरवळ. आत शाळा, प्रार्थनाघर, चित्रपटगृह, दुकानं, क्लब, बेसबॉलचं मैदान. रस्ते रुंद, वळणं अमेरिकी धाटणीची. परवान्याशिवाय जपानी माणसाला आत पाऊल टाकता येत नसे. बाहेर काय होतं? मे १९४५ च्या बॉम्बवर्षावात हा सगळा भाग होरपळला होता. लोक जळक्या फळ्या आणि पत्रे जोडून राहत होते, रेशनच्या रांगेत दिवस काढत होते. कुंपणाच्या जाळीला नाक लावून पलीकडची हिरवळ बघणं हा आसपासच्या पोरांचा त्या काळातला अनुभव.

इथली एक गोष्ट मला सगळ्यात रोचक वाटते. घरं अमेरिकी, राहणारे अमेरिकी, पण आतलं सामानसुमान जपानी हातांनी घडवलेलं. जपानभर अशा हजारो घरांची मागणी अमेरिकी सैन्यानं एकदम नोंदवली. पलंग, खुर्च्या, कपाटं, फ्रिज, धुलाई यंत्रं, सगळं स्थानिक कारखान्यांनी पुरवायचं. जपानमधल्या सरकारी हस्तकला संस्थेतले आरेखनकार अमेरिकी अधिकाऱ्यांसोबत बसून नकाशे काढायला लागले. जमिनीवर चटई टाकून बसणाऱ्या समाजातल्या सुतारांनी खुर्चीची उंची, टेबलाचं माप, खणाची सरक नव्यानं शिकून घेतली. कालपर्यंत लष्कराचा माल काढणारे कारखाने फ्रिजची दारं बसवायला लागले. दहाएक वर्षांत, पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात, जपानी मध्यमवर्गाला फ्रिज, धुलाई यंत्र आणि काळापांढरा टीव्ही या ‘तीन पवित्र वस्तूं’चं वेड लागलं. या वेडाचं सगळं श्रेय वसाहतीला देता येणार नाही. पण फ्रिज कसा दिसतो, त्यात काय ठेवतात, स्वयंपाकघरात तो कुठं उभा करतात, हे टोकियोतल्या कित्येकांनी पहिल्यांदा पाहिलं ते अशाच वसाहतींमध्ये काम करताना.

आणि हाराजुकू? आज जगभरच्या फॅशनवेड्यांची ती पंढरी आहे. युद्धाआधी हा मंदिराच्या वाटेवरचा शांत भाग होता. वसाहतीतल्या अमेरिकी बायका खरेदीला बाहेर पडू लागल्या, तशी मंदिराकडे जाणाऱ्या ओमोतेसांदो रस्त्यावर त्यांच्या सोयीची दुकानं निघाली. ‘किडीलँड’ हे जपानचं नामवंत खेळण्यांचं दुकान इथं पुस्तकांचं दुकान म्हणून सुरू झालं आणि परदेशी गिऱ्हाइकांच्या जोरावर खेळण्यांकडे वळलं. जपानी भेटवस्तू विकणारं ‘ओरिएंटल बझार’ही त्याच काळातलं. इंग्रजी पाट्या, रंगीत कपडे, काहीतरी नवं मिळेल अशी हवा... हाराजुकूच्या नखऱ्याचं मूळ या कुंपणाशी आहे.

घर सोडा, पाहुणे येतायत!

१९५९ मध्ये टोकियोला १९६४ चं ऑलिंपिक मिळालं. खेळाडूंना ठेवायचं कुठं? आधीचा बेत होता शेजारच्या साइतामा प्रांतातल्या असाका इथल्या अमेरिकी तळाचा. पण ते पडलं लांब. मुख्य मैदानाजवळ, शहराच्या मध्यावर जागा हवी होती आणि तशी जागा एकच होती.

अमेरिकेनं १९६१ मध्ये होकार दिला, पण अट घातली. सगळी वसाहत एकदम परत देतो, मात्र आमच्या कुटुंबांसाठी दुसरीकडे घरं बांधून द्या आणि तो खर्च तुम्हीच सोसा. जपाननं ते मान्य केलं. शहराच्या पश्चिमेला चोफू विमानतळाशेजारी ‘कांतो मुरा’ नावाची नवी वसाहत उभी राहिली आणि योयोगीतली कुटुंबं तिकडे हलली. या कांतो मुराचं पुढं काय झालं, ते शेवटी सांगते. मजा आहे त्यात.

योयोगीतली बरीच लाकडी घरं पाडली नाहीत. झाडली, रंगवली, पलंग लावले आणि त्यांचंच ऑलिंपिक गाव केलं. जमिनीच्या दक्षिण टोकाला केन्झो तांगे यांनी व्यायामशाळा उभारली. दोन उंच खांब, त्यांच्यावरून ताणलेले पोलादी दोर आणि त्या दोरांना लटकलेलं छप्पर. झुलत्या पुलाचं तंत्र इमारतीला लावलेलं. फेब्रुवारी १९६३ मध्ये काम सुरू झालं, ऑगस्ट १९६४ च्या अखेरीला संपलं. फक्त अठरा महिने! अमेरिकेचा डॉन शोलँडर पोहण्यात चार सुवर्णपदकं जिंकला ती इथल्याच तलावात. तांगेंना पुढं वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा प्रित्झकर पुरस्कार मिळाला आणि २०२१ मध्ये जपान सरकारनं या इमारतीला महत्त्वाचा सांस्कृतिक वारसा म्हणून दर्जा दिला.

तीनशे आचारी आणि गोठवलेली भाजी

गावातली भोजनगृहं हा वेगळाच पराक्रम होता. जपानभरातून तीनशेच्यावर आचारी गोळा केले होते. ‘फुजी’ भोजनगृहाची सूत्रं इंपीरियल हॉटेलच्या नोबुओ मुराकामींकडे होती. हेच मुराकामी १९५८ मध्ये जपानमधला पहिला बुफे सुरू करण्यामागे होते.

अडचण अशी, की हजारो खेळाडूंसाठी ताजं मांस, मासे, भाजी टोकियोच्या बाजारातून उचलली तर शहरात भाव कडाडणार. सामान्य माणसाच्या ताटाला झळ बसणार. उपाय होता माल आधीपासून थोडाथोडा घेऊन गोठवून ठेवायचा. पण तेव्हा गोठवलेलं अन्न म्हणजे बेचव, पाणी सुटलेलं अन्न, असाच समज होता. मुराकामी गोठवण्याच्या आणि वितळवण्याच्या पद्धती घासूनपुसून बघत राहिले. मग मान्यवरांना जेवायला बोलावून ताजे आणि गोठवलेले पदार्थ समोर ठेवले. फरक कुणालाच ओळखता आला नाही. मोहीम मंजूर झाली आणि ऑलिंपिकनंतर ते आचारी आपापल्या गावी परतताना हे तंत्र सोबत घेऊन गेले.

तारीख लक्षात ठेवा: २३ ऑक्टोबर १९६४

ऑलिंपिक संपायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, या गावातल्या रहिवाशांनी काय काय केलं बघा.

बल्गेरियाची लांब उडीपटू डायना योर्गोवा आणि त्याच देशाचा जिम्नॅस्ट निकोला प्रोदानोव यांनी गावातच लग्न केलं. ऑलिंपिक गावातलं हे पहिलं लग्न. नवरीबाई नुसत्या हौशी नव्हत्या बरं का. पुढं १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये त्यांनी लांब उडीचं रौप्यपदक मिळवलं.

त्याच दिवशी बुडोकानमध्ये नेदरलँडचा धिप्पाड आंतोन गीसिंक ज्यूदोच्या खुल्या गटाच्या अंतिम लढतीत अकिओ कामिनागाला भिडला. ज्यूदो जपानचा, ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच आलेला, मैदान घरचं. गीसिंकनं कामिनागाला दाबून धरलं आणि सामना खिशात घातला. आनंदानं वेडे झालेले त्याचे देशवासी चटईवर धावत यायला निघाले, तर गीसिंकनं हात वर करून त्यांना तिथंच थांबवलं आणि आधी प्रतिस्पर्ध्याला रीतसर वंदन केलं. जपानी माणूस हा हात अजून विसरलेला नाही.

संध्याकाळी कोमाझावाच्या कोर्टवर जपानच्या मुलींनी सोव्हिएत संघाला हरवून व्हॉलीबॉलचं सुवर्ण जिंकलं. टोकियो परिसरात त्या प्रक्षेपणाला ६६.८ टक्के प्रेक्षक मिळाले.

आणि त्याच कोमाझावात, त्याच दिवशी, भारत विरुद्ध पाकिस्तान.

आपली माणसं

१९२८ पासून हॉकीचं सुवर्ण भारताकडेच होतं. १९६० मध्ये रोमला पाकिस्ताननं ते एका गोलानं नेलं. चार वर्षं ती ठसठस होती. टोकियोत चरणजित सिंगांच्या नेतृत्वाखाली संघ अंतिम सामन्यात पोचला, पुन्हा पाकिस्तानच समोर. मोहिंदर लालनं पेनल्टी स्ट्रोकवर गोल केला. १-०. मग पाकिस्तानी आक्रमणाच्या लाटा सुरू झाल्या आणि गोलमध्ये उभा होता शंकर लक्ष्मण.

या गोलरक्षकाचं आपल्याशी नातं आहे. जन्म महूचा, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर जिथं जन्मले त्याच छावणीच्या गावचा. नोकरी मराठा लाइट इन्फन्ट्रीत. सुरुवात केली ती पलटणीच्या बँडमध्ये. १९५६, १९६० आणि १९६४ अशी तीन ऑलिंपिकं तो खेळला आणि पुढं १९६६ मध्ये आशियाई सुवर्ण मिळवणाऱ्या संघाचा कर्णधारही झाला. अशा खेळाडूच्या वाट्याला अखेरच्या दिवसांत आजारपण आणि तंगी आली, याची खंत कुठल्याही क्रीडाप्रेमीला वाटलीच पाहिजे. टोकियोच्या सुवर्णविजेत्या संघात बंडू पाटील हे आपलं नावही होतं.

आणि गणपतराव आंदळकर! सांगली जिल्ह्यातल्या शिराळा तालुक्यातलं पुनवत हे त्यांचं गाव आणि तालीम कोल्हापूरची मोतीबाग. १९६० चे हिंदकेसरी, १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतले सुवर्णवीर. १९६४ ला ते टोकियोत भारतातर्फे जड गटात उतरले. लाल मातीत मुरलेला हा मल्ल गादीवर खेळायला गेला आणि त्याची वस्ती होती काल-परवापर्यंत अमेरिकी वैमानिकांचे संसार जिथं नांदले, तिथं. कोल्हापूरच्या तालमींमध्ये त्यांचं नाव आजही आदरानं घेतात. योयोगीच्या या गावाशी ते जोडलेलं आहे, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

योयोगीशी भारताचं नातं १९६४ लाच संपलं नाही. २०२१ च्या पॅरालिंपिकमध्ये तांगेंच्या त्याच व्यायामशाळेत बॅडमिंटन खेळलं गेलं. प्रमोद भगत आणि कृष्णा नागर यांनी सुवर्ण, सुहास यतिराज यांनी रौप्य आणि मनोज सरकार यांनी कांस्य मिळवलं. एकाच छपराखाली भारताची चार पदकं.

गाव उठलं, एक घर राहिलं

ऑलिंपिक संपल्यावर घरं पाडली, झाडं लावली आणि ऑक्टोबर १९६७ मध्ये बाग सगळ्यांसाठी खुली झाली. शेजारच्या मेइजी मंदिराचं जंगलही माणसानंच लावलेलं आहे. १९२० च्या सुमारास जपानभरातून दान आलेल्या सुमारे एक लाख झाडांचं. त्यामानानं योयोगीची झाडं धाकटी, बहुतेक साठीच्या आगेमागे.

एक घर मात्र मुद्दाम ठेवलं. हाराजुकू बाजूनं आत शिरलं, की झाडीत ते दिसतं. ठेंगणं, पांढरं, एकमजली, पुढं छोटा ओटा. ऑलिंपिकच्या वेळी इथं नेदरलँडचं पथक उतरलं होतं, म्हणजे गीसिंकच्या देशाचं. आधी अमेरिकी कुटुंबाचं, मग डच खेळाडूंचं आणि आता कुणाचंच नाही. आत जाता येत नाही, बाहेरून बघायचं. ८२७ घरांमधलं एवढंच बागेत उरलं आहे, म्हणून बघताना घाई करू नका. खिडक्यांची मापं बघा, छपराचा उतार बघा. टोकियोतल्या कुठल्याही जुन्या जपानी घरापेक्षा हे वेगळं आहे, हे लगेच जाणवतं.

त्याच्याजवळच झाडांची एक छोटी नमुनाबाग आहे. परदेशी पथकांनी ऑलिंपिकला येताना आपापल्या देशातल्या झाडांच्या बिया आणल्या होत्या. त्यातून वाढलेली वीसहून अधिक देशांची झाडं इथं उभी आहेत. पदकं ज्यानं त्यानं घरी नेली. बिया इथं रुजल्या.

रविवार म्हणजे नाच

१९७७ पासून बागेजवळचा रस्ता रविवारी गाड्यांना बंद व्हायला लागला आणि तरुणांनी तो ताब्यात घेतला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला भडक रंगांचे ढगळ कपडे घातलेली ‘ताकेनोको’ टोळकी टेपरेकॉर्डरवर डिस्को लावून घोळक्यानं नाचायची. हे कपडे विकणारं दुकान हाराजुकूतच होतं. मग नाचाची जागा बँडनं घेतली. रस्त्याच्या कडेला ओळीनं बँड, प्रत्येकापुढं घोळका. आवाज, कचरा, गर्दी यांच्या तक्रारी वाढल्या आणि १९९८ मध्ये हा रविवारचा रस्ता कायमचा बंद झाला.

पण सगळे गेले नाहीत. काळी चामडी जाकिटं, तेल लावून उंच केलेले केस आणि पन्नासच्या दशकातलं अमेरिकी रॉक-अँड-रोल. अशी रॉकबिली मंडळी बागेच्या दाराशी रविवारी अजून नाचतात. त्यातले काही चांगले पिकल्या केसांचे आहेत. नाचून नाचून बुटाचा तळ फाटतो, तो चिकटपट्टीनं गुंडाळतात आणि पुन्हा सुरू. ज्या जमिनीवर एकेकाळी खरीखुरी अमेरिकी पोरं ही गाणी ऐकत वाढली, तिच्याच दाराशी.

सप्टेंबरच्या सुमारास याच बागेत ‘नमस्ते इंडिया’ हा मोठा भारतीय मेळावा भरतो. नृत्य, कपडे आणि खाण्यासाठी लांबच लांब रांगा. बिर्याणीच्या रांगेत भारतीयांपेक्षा जपानी जास्त.

एका डासानं बाग बंद केली

२०१४ च्या ऑगस्टमध्ये काही विद्यार्थी बागेत नाचाचा सराव करत होते. त्यांना ताप आला. निदान निघालं डेंगी. जपानमध्ये जवळजवळ सत्तर वर्षांत देशातल्या देशात डेंगीची लागण झाल्याची नोंद नव्हती! बघता बघता रुग्ण दीडशेच्यावर गेले. बागेचा मोठा भाग ४ सप्टेंबरपासून ऑक्टोबर अखेरपर्यंत बंद ठेवला, तळी रिकामी केली, धुरळणी केली. आपल्याकडे दर पावसाळ्यात महापालिका कुंड्या-टायर तपासत फिरते, त्यामुळे आपल्याला हे ऐकून नवल वाटायचं नाही. टोकियोला मात्र चांगलाच धक्का बसला.

२०२१ मध्ये बाग पुन्हा बातमीत आली. ऑलिंपिक मोठ्या पडद्यावर दाखवण्यासाठी इथं जागा करायचं ठरलं आणि त्यासाठी झाडांच्या फांद्या छाटायला सुरुवात झाली. नागरिक खवळले, हजारोंनी सह्या केल्या. अखेर पडद्याचा बेत रद्द झाला आणि त्या जागी करोनाची लस टोचायचं केंद्र उभं राहिलं. झाडांसाठी भांडणाऱ्या त्या टोकियोकरांचं मला मनापासून कौतुक वाटतं.

बागेच्या पश्चिमेला दोन छोट्या गोष्टी

चालत जाण्याच्या अंतरावर शिगेरू बान यांनी बांधलेली दोन सार्वजनिक शौचालयं आहेत. भिंती रंगीत काचेच्या, आरपार दिसणाऱ्या. आत जाऊन कडी लावली, की काच धूसर होते. आत शिरण्याआधी दोनच गोष्टी बघायच्या असतात: स्वच्छ आहे का आणि आत कुणी आहे का. दोन्ही बाहेरूनच कळतात. विम वेंडर्स यांच्या ‘परफेक्ट डेज’ या चित्रपटाचा नायक अशीच शौचालयं साफ करतो. त्या भूमिकेसाठी कोजी याकुशो यांना कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला.

यातलं एक शौचालय ज्या चिमुकल्या बागेत आहे, तिचं नाव एका बालगीतावरून पडलं आहे. ‘वसंतातला ओढा’ हे गीत जपानमध्ये १९१२ पासून शाळकरी मुलं गातात. ते ज्या ओढ्यावरून सुचलं म्हणतात, तो इथंच वाहायचा. १९६४ च्या ऑलिंपिकच्या सुमारास त्यावर स्लॅब पडला. गाणं सगळ्या देशाला पाठ आहे, ओढा मात्र रस्त्याखाली गेला.

आणखी एक हाइट्स

वॉशिंग्टन हाइट्सला टोकियोतच जोडीदार होती, ग्रँट हाइट्स. उत्तरेकडच्या नेरिमा भागात मुळ्याची शेतं होती. नेरिमाचा लांबलचक मुळा जपानभर प्रसिद्ध. १९४२ मध्ये अमेरिकी विमानांनी टोकियोवर पहिला हल्ला केला आणि घाबरलेल्या लष्करानं १९४३ मध्ये शेतकऱ्यांना उठवून घाईघाईत तिथं विमानतळ केला. युद्धानंतर तिथं हजाराहून अधिक अमेरिकी कुटुंबांची वसाहत झाली. सामान आणायला खास रेल्वेचा फाटा टाकला. वॉशिंग्टन हाइट्सची मोठी मुलं हायस्कूलला इकडेच यायची.

नाव ज्यांच्यावरून पडलं ते युलिसिस ग्रँट हे अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष. जगप्रवासात १८७९ च्या फेब्रुवारीत ते मुंबईला उतरले होते आणि त्याच वर्षी जपानला पोचले. १९७३ मध्ये ही वसाहत पूर्ण परत मिळाली. १९८१ मध्ये तिथं हिकारिगाओका बाग उघडली. साठ हेक्टरची, योयोगीहूनही मोठी. भोवती हजारो घरांची नवी वस्ती आहे.

आणि कांतो मुरा? योयोगीतून हललेल्या कुटुंबांची ती नवी वसाहत. ऑलिंपिक मॅरेथॉनचा परतीचा टप्पा तिच्या कडेनं जाणाऱ्या रस्त्यावरच होता. म्हणजे ज्यांच्या रिकाम्या झालेल्या वसाहतीत इथिओपियाचा धावपटू अबेबे बिकिला मुक्कामाला होता, त्यांच्याच नव्या दाराशी तो वळला आणि २ तास १२ मिनिटांत विश्वविक्रमी शर्यत जिंकला. तेही अपेंडिक्सची शस्त्रक्रिया होऊन काही आठवडेच झालेले असताना! सत्तरच्या दशकात कांतो मुराही परत मिळालं. आज तिथं आजिनोमोतो स्टेडियम आहे. २०१९ चा रग्बी विश्वचषक इथूनच सुरू झाला. आणि त्याशेजारी मुसाशिनोनोमोरी बाग आहे. तिथल्या टेकाडावर बसून छोटी विमानं उतरताना बघता येतात. युद्धकाळात विमानं लपवायला बांधलेले काँक्रीटचे दोन घुमटही बागेत जपून ठेवले आहेत. योयोगीसाठी जपाननं ज्या वसाहतीचा खर्च सोसला, तिच्या जागेवरही अखेर बाग झाली. एका सौद्यात दोन बागा पदरात पडल्या आणि त्या दोन्ही लोकांच्या आहेत. टोकियोनं केलेला हा सौदा मला तरी अतिशय शहाणपणाचा वाटतो.

जायचं असेल तर रविवारी दुपारी जा. हाराजुकूला उतरा, आधी दाराशी रॉकबिली नाच बघा, मग डच घर आणि बियांची झाडं, त्यानंतर विमानाचं स्मारक. चेरीच्या दिवसांत गेलात, तर बसायला ताडपत्री न्या, बूट काढून तिच्यावर बसा आणि उठताना आपला कचरा पिशवीत भरून सोबत घेऊन निघा. बागेत तीच पद्धत आहे.